तुमाले कसं माहीत?

मी चंदीगडला येऊन चारच दिवस झाले होते. कऱ्हाडहून आलेली तेवीस वर्षांची मुलगी, अंगात दोन स्वेटर, आणि प्रयोगशाळेच्या चहाच्या खोलीत मराठी बोलणारं कुणी भेटलं म्हणून हरखून गेलेली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "सर, इथली थंडी म्हणे तब्येतीला फार चांगली."

त्यांनी कप खाली ठेवला. "तुमाले कसं माहीत?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण? नावं सांगा."

मी आठवून एकच नाव सांगू शकले. ज्यांच्या घरी मी पेइंग गेस्ट होते, त्या सरदारणी आंटींचं. सरांनी गंभीरपणे मान हलवली. "एक झालं. चहा थंडा होऊन राह्यला मॅडम, प्या."

प्रयोगशाळेचं नाव आणि सेक्टरचा आकडा मी लिहीत नाही. त्यांचंही नाव लिहीत नाही. मी त्यांना सर म्हणायची, पण ते शास्त्रज्ञ नव्हते, तांत्रिक अधिकारी होते. मशीन चालवणं, दुरुस्त करणं, आम्हा विद्यार्थ्यांना ती मोडू न देणं हे त्यांचं काम. अमरावतीकडचे. पंचवीस वर्षं पंजाबी माणसांत काढूनही त्यांची वऱ्हाडी जशीच्या तशी होती, आणि हिंदी बोलतानासुद्धा ती मधूनच डोकं वर काढायची. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ते एकच प्रश्न विचारत, "आपको कैसे पता जी?" त्यामुळे मागे सगळे त्यांना 'कैसे-पता साहब' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. कुणाकडून कळलं, हेही त्यांनी पडताळून घेतलं होतं.

काकू, म्हणजे त्यांची बायको, लग्न ठरल्याची गोष्ट सांगायच्या. "मला बघायला आले. माझ्या आईनं सांगितलं, पोरगी स्वयंपाक छान करते. तर हे म्हणाले, तुमाले कसं माहीत? माझे बाबा तर उठून उभेच राहिले. मीच म्हटलं, जेवून बघा. जेवले. आणि हात धुता धुता काय म्हणावं? एका जेवणावरून सांगता येणार नाही, उद्या परत येतो." काकू हे सांगताना दर वेळी हसत आणि सर दर वेळी म्हणत, "खोटं सांगून राह्यली. परवा येतो म्हणलं होतं."

रविवारी मी त्यांच्या क्वार्टरवर जेवायला असायची. ठेचा, भाकरी, आणि काकूंनी गावाहून मागवलेल्या तुरीच्या डाळीचं वरण. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी घरापासून फार लांब होते. यापेक्षा जास्त काही सांगायला नको.

प्रयोगशाळेत एकदा हिमाचली सफरचंद गोड की काश्मिरी, यावरून वाद पेटला. वाद घालणाऱ्यांत सर स्वतः होते. हिमाचली सफरचंदासाठी ते हमरीतुमरीवर आले होते. दुसऱ्या दिवशी ते दोन्हीकडची सफरचंदं घेऊन आले, साली काढल्या, फोडी केल्या, कागदाच्या ताटल्यांवर आकडे टाकले आणि आम्हा सगळ्यांना डोळे मिटून खायला लावलं. शेवटी आपल्याही डोळ्यांवर रुमाल बांधून घेतला. कुणालाच ओळखता आलं नाही. त्यांचा आनंद बघण्यासारखा होता. "मी बी नापास! पाहा, मी बी नापास!" असं ते सगळ्या मजल्यावर सांगत सुटले.

पण त्यांचा स्वभाव मला खरा कळला तो लिंबू-मिरचीच्या वेळी. आमचं एक जुनं मशीन सारखं बंद पडायचं. दसऱ्याला आमच्या गढवाली अटेंडंटनं, ज्यांना सगळे नेगीजी म्हणत, त्या मशीनला लिंबू-मिरची बांधली. एक शास्त्रज्ञ ती तोडून टाकायला निघाले. सरांनी त्यांचा हात धरला. "राहू द्या. एक महिना राहू द्या, मग एक महिना काढून ठेवू. मी लिहून ठेवतो किती वेळा बंद पडते ते." आणि झालं असं, की लिंबू-मिरचीच्या महिन्यात मशीन कमी वेळा बंद पडलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी तो आकडा स्वतःच्या हातानं नोटीस बोर्डावर लावला. नेगीजींनी पेढे वाटले. सरांनी दोन खाल्ले. मी चिडून म्हटलं, "सर, तुम्ही हे लावायला नको होतं. लोक काय समजतील?"

"जे आलं ते आलं. एक महिना पुरत नाई, हे बी खाली लिहिलं आहे ना मी." मग म्हणाले, "मॅडम, मले जे हवं असते ना, ते मी लय लवकर मानतो. म्हणून त्याची झडती जास्त घ्या लागते."

गणेशोत्सवात मराठी मंडळात ते आरत्या सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणत. एका कर्नलसाहेबांनी टोमणा मारला, "तुमच्यासारख्यांना हे चालतं का?" ते म्हणाले, "आरती म्हणताना मी कोणाले काही पटवून नाई राह्यलो." त्याच मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून मात्र त्यांना तीनदा काढलं होतं. हळदीनं अमुक बरं होतं, चुन्यानं तमुक बरं होतं असं कुणी पाठवलं की खाली त्यांचा प्रश्न ठरलेला. दर वेळी काकू कुणाला तरी फोन करून त्यांना परत आत घ्यायला लावत.

आता जे सांगायचं आहे त्याकडे येते.

माझ्या पीएचडीचं काम एका पहाडी झाडाच्या सालीवर होतं. द्रावक घालून सालीचा अर्क काढायचा, तो कागदाच्या बारीक चकतीवर घालायचा, चकती जंतू वाढवलेल्या प्लेटवर ठेवायची. अर्कानं जंतू मरत असतील तर चकतीभोवती एक स्वच्छ वर्तुळ दिसतं. ते पट्टीनं मोजायचं. माझी वर्तुळं सुरेख येत होती. आमचे गाइड खूश होते. तीन वर्षं ज्यांनी मला नावानं हाकही मारली नव्हती, ते आता लोकांना माझ्या टेबलापाशी घेऊन येत. पेपर एका चांगल्या जर्नलकडे गेला होता. तो छापून आल्याशिवाय थिसिस देता येणार नव्हता, आणि फेलोशिपचे थोडेच महिने उरले होते. वडिलांनी कऱ्हाडात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की पोरीनं औषध शोधलं.

सरांनी एक दिवस माझ्या प्लेटा उजेडात धरून पाहिल्या. "छान आहे. पण मोजते कोण?"

"मीच."

"अन् कोणत्या चकतीवर अर्क आहे अन् कोणत्या चकतीवर नुसता द्रावक, हे मोजताना तुमाले माहीत असते?"

"अर्थात."

"हं. अन् चकत्या पुऱ्या वाळतात?"

मला राग आला. तो त्यांना दिसलाही असावा. तरी ते म्हणाले, "एका रविवारी कोड लावून करू. खरं असंल तर काही बिघडत नाई."

रविवारी इमारतीत आम्ही दोघंच होतो. चकत्या त्यांनी तयार केल्या, चांगल्या खणखणीत वाळवल्या, प्लेटांवर नुसते आकडे टाकले. कोणता आकडा कशाचा, ते एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पाकिटात बंद केली आणि पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, मी मोजमापं घेतली आणि एका कागदावर लिहिली. मग त्यांनी पाकीट फोडून ती चिठ्ठी माझ्या कागदाला टाचली. अर्काच्या चकत्या आणि नुसत्या द्रावकाच्या चकत्या यांच्यात काहीच फरक नव्हता. स्वच्छ वर्तुळ एकाही प्लेटवर नव्हतं. आधीची माझी वर्तुळं ओल्या राहिलेल्या चकत्यांची होती; त्यांत उरलेला द्रावकच जंतू मारत होता. अर्काच्या चकत्या मी नेहमी शेवटी करायची, त्या सगळ्यांत कमी वाळायच्या. आणि जिथे शंका येईल तिथे माझी पट्टी मला हव्या त्या बाजूला सरकत होती.

मी रडले. सरांनी चहा करून आणला. मी म्हटलं, "सर, हे आत्ता कुणाला सांगू नका. गाइडना मीच सांगते. एका आठवड्यात."

"सांगा. तुमीच सांगाले पाह्यजे." आणि तो कागद चिठ्ठीसकट त्यांनी माझ्या हातात दिला. "मोजणी तुमची आहे. तुमच्याजवळ राहू द्या." त्याची झेरॉक्स काढून ठेवली नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीची झडती घेणाऱ्या माणसानं माझी घेतली नाही.

मी सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यात गाइड दौऱ्यावर होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा मूड चांगला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात पेपर स्वीकारल्याचं पत्र आलं, आणि त्या दिवशी खोलीवर जाऊन मी तो कागद फाडून टाकला. सर भेटले की विचारत, "झालं बोलणं?" मी म्हणायची, "होतंय." रविवारचं जेवायला जाणं मी बंद केलं. थिसिस लिहायचा आहे, असं काकूंना सांगितलं. त्यांनी डब्यात लाडू पाठवले.

दोन महिन्यांनी वार्षिक आढावा होता. मोठं सभागृह, बाहेरून आलेले तज्ज्ञ, पहिल्या रांगेत संचालक. गाइडनी माझी वर्तुळं पडद्यावर दाखवली. प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा शेवटच्या रांगेतून सर उठले. मला वाटतं, माझी वाट पाहून ते थकले होते. शांतपणे म्हणाले, "सर, ये हमने कोड लगाकर किया था। तब कुछ नहीं आया।"

गाइडचा चेहरा लाल झाला. "कब? किसके साथ?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगेन याची त्यांना खात्री होती. सगळं सभागृह माझ्याकडे वळलं.

मी म्हटलं, "मुझे ऐसा कुछ याद नहीं, सर।"

मला वाटलं होतं ते ओरडतील, मला खोटं पाडतील. तसं झालं असतं तर मीही चिडले असते, आणि ते सोपं गेलं असतं. पण ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखे. मग म्हणाले, "हो सकता है मेरी गलती हो। मैं देखता हूँ।" आणि खाली बसले.

त्यांना मशीनवरून काढून स्टोअरमध्ये पाठवलं. काचसामान देणं, परत घेणं. दोन वर्षांनी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि चंदीगडला लागून असलेल्या झिरकपूरला फ्लॅटमध्ये राहायला गेले. तोवर मी पदवी घेऊन पुण्याला एका कॉलेजात लागले होते. माझ्या मागून त्या कामावर पालमपूरची एक मुलगी आली. माझ्या अर्कातला नेमका कोणता पदार्थ जंतू मारतो, हे तिनं शोधायचं होतं. एकदा तिचा फोन आला. "दीदी, मेरे पास सर्कल आता ही नहीं। आप कैसे करती थीं?" मी म्हटलं, "करती रहो। हाथ बैठ जाएगा।" तीन वर्षांनी, एकदाही वर्तुळ न येता, ती पीएचडी सोडून घरी गेल्याचं मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

मी मात्र दर वर्षी माझ्या विद्यार्थ्यांना कोड लावून प्रयोग कसा करतात ते शिकवते. छान शिकवते, असं मुलं म्हणतात.

मागच्या हिवाळ्यात एका तोंडी परीक्षेसाठी चंदीगडला जाणं झालं. काम दुपारी संपलं. टॅक्सीवाल्याला विमानतळाऐवजी झिरकपूरचा पत्ता सांगितला. पुलाखाली गाड्या अडकल्या होत्या; तासभर आम्ही जागचे हललो नाही आणि त्या तासात मी तीनदा परत फिरायचं ठरवलं.

दार काकूंनी उघडलं. मला जवळ घेतलं. सर आत झोपले होते. आम्ही स्वयंपाकघरात बसलो, आणि मी न विचारताच काकू हळू आवाजात सांगू लागल्या.

"त्या मीटिंगनंतर महिन्याभरानं मोठ्या इस्पितळात गेले, एकटेच. स्मरणशक्ती तपासून घ्यायला. डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे. यांना पटेना. सहा महिन्यांनी परत गेले. मी म्हटलं, अहो, ती पोरगीच विसरली असेल. तर म्हणाले, ती चोवीस तास त्याच कामात असते, ती कशी विसरेल? मग मी म्हटलं, खोटं बोलली असेल. तर माझ्यावरच रागावले. म्हणाले, तिनं स्वतः मोजलं होतं, ती काहून खोटं बोलेल? माझ्याच डोक्यात काहीतरी झालं." काकू ओट्याकडे बघत राहिल्या. "आता गॅस बंद केला की मला दोनदा विचारतात. कुणी काहीही सांगो, मान हलवतात. ग्रुपवरचं सगळं वाचतात आणि हात जोडल्याचं चित्र पाठवतात."

काकूंना तेव्हा खरं माहीत होतं का? मला वाटतं, होतं.

सर उठून बाहेर आले. केस पांढरे, अंगावर काकूंनी विणलेला स्वेटर. मला ओळखून हसले. "या मॅडम. पुण्याले बरं आहे?"

मी बसलेही नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो रविवार झाला होता. पाकीट होतं. काही आलं नव्हतं. मला सगळं आठवत होतं आणि मी खोटं बोलले.

मग त्यांनी जे विचारलं त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "तेव्हा तुमी म्हणलं, आठवत नाई. आता म्हणता, आठवते. मी कोणतं धरू?"

"सर, आत्ताचं खरं आहे."

"तेव्हा बी असंच वाटलं होतं मले. कागद आहे?"

"फाडला."

"तो फाडाले नाई पाह्यजे होता." ते खुर्चीत बसले. "काकूनं फोन करून बोलावलं का तुमाले? मले बरं वाटावं म्हणून?"

मी शपथ घेतली, रडले, पण माझ्या शब्दाला आता किती वजन होतं हे मलाही कळत होतं. काय करावं सुचेना म्हणून पालमपूरच्या त्या मुलीचं सांगितलं. तीन वर्षांत तिला एकदाही वर्तुळ आलं नाही, हे सांगितलं.

ते पुढे झुकले. "तिनं चकत्या वाळवल्या होत्या?"

"माहीत नाही."

"तिले सांगतलं तुमी, की त्यात काही नव्हतं म्हणून?"

"नाही."

"अजून नाई?" आता प्रथमच त्यांचा आवाज चढला. "माझं जाऊ द्या. ती पोरगी काय समजत असंल?"

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मी तिला फोन केला. ती आता गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मैं तो समझती रही दीदी, मेरे ही हाथ में कुछ कमी है।" मी माफी मागितली. तिच्या वह्या तिच्याकडेच होत्या. संध्याकाळपर्यंत तिनं पानापानाचे फोटो पाठवले. तारीख, चकत्या किती वेळ वाळवल्या, आणि पुढे तिच्या नेटक्या अक्षरात पुन्हा पुन्हा तेच: वर्तुळ नाही.

मी ते सगळे सरांना पाठवले. तीन दिवस काही कळलं नाही. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"सगळी पानं पाह्यली. एका ठिकाणी तिची बेरीज चुकली. बाकी काम चांगलं आहे."

"म्हणजे सर, तो रविवार..."

"हाव. झाला होता तो." त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. "जर्नलले लिहिलं?"

"आज लिहिते."

"तिचं नाव टाका त्यात. काम तिनं केलं."

"सर, मला माफ करा."

"बरं केलं तुमी हे," ते म्हणाले. "फार उशिरा केलं." आणि फोन ठेवला.

जर्नलला पत्र गेलं आहे. माझ्या पदवीचं काय होईल ते अजून ठरायचं आहे. कॉलेजात मी आधीच सांगून ठेवलं आहे. सरांचा पुन्हा फोन आला नाही. काकूंचा येतो. त्या सांगतात, सर हल्ली सकाळी पेपर वाचायला पेन्सिल घेऊन बसतात, आणि मराठी मंडळानं त्यांना परत एकदा ग्रुपवरून काढलं. हे सांगताना त्या पूर्वीसारख्या हसल्या. मी धीर करून विचारलं, "माझ्याबद्दल काही विचारतात का?"

"नाही," काकू म्हणाल्या, आणि माझी समजूत घालण्यासाठी पुढे काही बोलल्या नाहीत.